शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा संस्थेकडून सांभाळायला घेताना

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर धावणारा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा, घोडा बहुतेक वेळा पाच ते आठ वर्षांचा असताना शर्यतीतून बाहेर पडतो. नीट सांभाळला तर तो पंचवीस वर्षं सहज जगतो. म्हणजे धावणं संपल्यावर त्याचं सतरा-अठरा वर्षांचं आयुष्य उरतं. काही घोडे रायडिंग क्लबात जातात, चांगल्या रक्ताच्या काही घोड्या स्टड फार्मवर जातात. बाकीचे हातोहात फिरतात: आधी दलाल, मग वरात, चौपाटी, थंड हवेच्या ठिकाणची सवारी. दर हातबदलात त्यांचे कागद आणि दुखण्यांचा इतिहास मागे पडत जातो. मग पुढचा मालक पायातल्या जुन्या दुखापतीवरच वजन लादतो, कारण ती दुखापत त्याला कुणी सांगितलेलीच नसते.

म्हणून असा घोडा थेट कुणाकडून न घेता प्राणिकल्याण संस्थेमार्फत घ्यावा. संस्था त्याची तपासणी करून देते, दुखणी लेखी सांगते आणि, सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, तुम्हाला जमलं नाही तर त्याला परत घेते. परतीची ही वाट ज्या व्यवहारात नाही, तो व्यवहार करू नये. घोडा फुकट मिळत असला तरी करू नये.

आधी हिशेब

घोडा स्वस्तात किंवा फक्त देणगीवर मिळतो, खर्च असतो तो त्याला पोसण्याचा. गावोगावचे भाव वेगळे असतात, म्हणून रकमांऐवजी प्रमाणं देतो. तुमच्याकडच्या भावाने गुणाकार करून पाहा.

थरोब्रेडचं वजन साधारण ४५० ते ५०० किलो असतं. त्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो, म्हणजे सात ते दहा किलो. नऊ किलोच्या हिशेबाने महिन्याला २७० किलो आणि वर्षाला सव्वातीन टन होतात. हलकं काम असेल तर चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, दिवसाला दोन-तीन किलो, म्हणजे महिन्याला ६० ते ९० किलो. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी, वर्षात नऊ-दहा वेळा. दात वर्षातून एकदा, लसी, जंतांची तपासणी आणि सईसाचा पगार वेगळा. यावर किमान सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम अडीअडचणीसाठी बाजूला हवी. पोटशूळाचा एक गंभीर झटका ती संपवू शकतो.

चारा हंगामात भरून ठेवला तर परवडतो. डोंगरी गवत दिवाळीच्या सुमारास कापलं जातं, शाळूचा कडबा फेब्रुवारी-मार्चात येतो. जूनमध्ये चारा शोधायला निघालात तर भाव चढलेला असतो आणि माल दमट मिळतो. दमट चाऱ्याला बुरशी येते, आणि जो चारा बैल पचवतो तो घोड्याच्या जिवावर उठू शकतो.

पैशांइतकंच डॉक्टरचं अंतर महत्त्वाचं. घोड्यांचा अनुभव असलेले पशुवैद्यक प्रामुख्याने मुंबई आणि पुणे परिसरात आहेत. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय हे आणखी दोन आधार. गावातले सरकारी डॉक्टर गाई-म्हशींसाठी उत्तम असतील, पण घोड्याच्या नाकातून पोटात नळी घालण्याचा सराव त्यांना असेलच असं नाही. असा सराव असलेला डॉक्टर दोन तासांच्या आत पोहोचेल याची खात्री फोन करून, नाव घेऊन करा. ती होत नसेल तर घोडा आणू नका.

आणि स्वार कोण? थरोब्रेड नवशिक्याचा घोडा नव्हे. मुलांना रायडिंग शिकवायला म्हणून तर तो मुळीच घेऊ नये. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या १५ टक्क्यांच्या आसपास ठेवावं. ४५० किलोच्या घोड्याला ते साधारण ६८ किलो होतं. २० टक्के ही वरची मर्यादा, आणि पायाला जुनी दुखापत असेल तर तिच्या जवळपासही जाऊ नये.

संस्था कशी पारखायची

ब्रिटनमध्ये २००० साली घोडदौडीच्या क्षेत्रानेच निवृत्त घोड्यांसाठी ‘रिट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस’ ही अधिकृत धर्मादाय संस्था उभी केली. आपल्याकडे हे काम मुख्यतः सर्व प्रकारच्या प्राण्यांसाठी झटणाऱ्या संस्थांवर येतं, त्यामुळे घोड्यांचा अनुभव संस्थेगणिक फार वेगळा असतो.

कागद पाहायला संकोचू नका. महाराष्ट्रातला विश्वस्त न्यास असेल तर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक असतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता आहे का, हेही विचारा. मग खरे प्रश्न: सध्या किती घोडे आहेत? त्यांना पाहणारा डॉक्टर कोण? घोडा परत आला तर ठेवायला रिकामं ठाण आहे का? मागे दिलेले घोडे आज कुठे आहेत, आणि त्यांतला एखादा पाहता येईल का?

चांगली संस्था तुम्हालाच जास्त प्रश्न विचारते. पहिल्याच भेटीत ‘घेऊन जा’ म्हणणाऱ्या संस्थेपासून लांब राहा. देणगीची पावती संस्थेच्या नावाने असावी. एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर पैसे मागितले तर तिथेच थांबा.

अर्ज आणि जागेची पाहणी

अर्जात तुमचा अनुभव, जागा, सईस, डॉक्टर आणि घोडा कशासाठी हवा हे लिहायचं असतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिक द्या. ‘सगळ्यासाठी’ असं लिहिलं की जोडी चुकते. संस्थेकडे साधारण तीन प्रकारचे घोडे असतात: नियमित स्वारीला पूर्ण चालणारे, फक्त चाल आणि हलकी दुडकी झेपणारे, आणि ज्यांच्या पाठीवर पुन्हा कधी बसायचं नाही असे. तिसऱ्या प्रकारचे घोडे सोबती म्हणून उत्तम असतात आणि त्यांनाच घर मिळणं सर्वांत अवघड असतं. तुमच्याकडे आधीच एक एकटा घोडा असेल तर अशा घोड्याचा विचार जरूर करा.

जागा पाहायला संस्थेचं माणूस येईल. ठाण किमान १२ फूट बाय १२ फूट, छत १२ फुटांच्या आसपास उंच, दार ४ फूट रुंद. पत्र्याचं छत असेल तर खाली गवताचा किंवा बांबूच्या तट्ट्याचा थर द्या आणि वरून हवा निघायला फट ठेवा. एप्रिल-मे महिन्यात उघड्या पत्र्याखाली घोडा भाजून निघतो. जमीन घसरडी नको. गुळगुळीत कोब्यावर रबरी चटई किंवा किमान सहा इंच भाताचा पेंढा किंवा लाकडाचा भुसा टाकावा.

मोकळ्या वावरासाठी अर्धा-एक एकर तरी हवं, आणि त्याच्या कुंपणाला काटेरी तार नको. आपल्याकडची बहुतेक शेतं काटेरी तारेने बंदिस्त असतात आणि गुरांना ती चालते, कारण गुरं तारेला टेकून थांबतात. घाबरलेला थरोब्रेड ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने तीत घुसतो. लाकडी वासे, लोखंडी पाइप किंवा पांढऱ्या रुंद पट्टीचं विजेचं कुंपण करा, उंची साडेचार फूट.

कुंपणालगतची झाडं तपासा. कण्हेर मुळासकट काढा, तिची थोडी पानंसुद्धा घोड्याला मारतात. घाणेरी, धोतरा, एरंड, गाजरगवतही नको. कोवळ्या ज्वारीने गुरांना किराळ लागते हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. घोड्याला मात्र वाढलेली हिरवी ज्वारीही चरायला देऊ नये, तिने मूत्राशय आणि मागच्या पायांच्या नसा बिघडतात. स्वच्छ, सुका कडबा चालतो.

महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत असाल तर तबेल्याच्या परवान्याबद्दल आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. शेजाऱ्याची एक तक्रार आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते सोपं.

घोडा पाहायला गेल्यावर

एकदा पाहून ठरवू नका. किमान दोनदा जा. एकदा चारा-पाण्याच्या वेळी, एकदा तो कामाला बाहेर निघतो तेव्हा. दुसऱ्या भेटीला तुमचा डॉक्टर बरोबर हवा.

आधी तो ठाणात कसा उभा असतो ते लांबून पाहा. एक पुढचा पाय सतत पुढे टाकून उभा असेल तर तो पाय दुखतो. दाराची कड दातांत पकडून हवा ओढणं, एका जागी डुलत राहणं किंवा ठाणात फेऱ्या मारणं या सवयी बंद ठाणात वर्षं काढलेल्या घोड्यांत आढळतात. त्या असतील तर घोडा नाकारलाच पाहिजे असं नाही, पण त्या मारून किंवा गळ्याला पट्टा आवळून जात नाहीत. जास्त चारा, जास्त मोकळं फिरणं आणि सोबत मिळाली की त्या कमी होतात, बहुधा पूर्ण जात नाहीत.

मग पाय. पुढचा पाय उचलून गुडघ्यात दुमडा, म्हणजे गुडघ्याखालच्या नळीच्या हाडामागची कंडरा सैल पडते. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत ती धरून गुडघ्याखालून फेटलॉकच्या, म्हणजे खुराच्या वरच्या, सांध्यापर्यंत हळूहळू उतरा. निरोगी कंडरा कडेला स्वच्छ, दोरीसारखी लागते. कुठे जाड लागली, कोमट लागली किंवा तिथे घोड्याने पाय खेचला तर तिथे दुखापत आहे किंवा होऊन गेली आहे. दोन्ही पायांवर हेच करा, कारण तुलनेशिवाय कळत नाही. कंडरेची दुखापत भरून यायला नऊ ते बारा महिने लागतात आणि भरलेली जागा पहिल्यासारखी लवचीक होत नाही. त्यामुळे सोनोग्राफीचा जुना अहवाल असेल तर मागा, नसेल तर करून घ्या. नळीवर जुन्या डागण्याच्या खुणा दिसल्या तरी त्यामागचं कारण विचारा.

यानंतर कठीण, सपाट जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालवायला सांगा. मान प्रत्येक पावलाला वर उडत असेल तर ज्या पुढच्या पायावर वजन पडताना ती उडते, तो पाय दुखरा. फेटलॉकचे एक्स-रे काढणं योग्य. शर्यतीच्या घोड्यात तिथे हाडाचे कण सापडणं नेहमीचं आहे. धावताना फुप्फुसातून रक्त येण्याचा इतिहास असेल तर घाबरू नका, भरधाव पळवायचं नसेल तर त्याचा सहसा त्रास होत नाही. पाठीचं दुखणं मात्र हलक्यात घेऊ नका. खोगिरामागे बोटांनी दाबल्यावर घोडा पाठ खाली सोडत असेल किंवा तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला येत असेल, तर पाठ आणि पोटातले व्रण या दोन्हींची तपासणी हवी.

घोडा खच्ची केलेला आहे का ते विचारा. नुकताच केला असेल तर चार ते सहा आठवडे तो घोड्यांशी, विशेषतः घोड्यांच्या माद्यांशी, पूर्वीसारखाच वागू शकतो, त्या काळात त्याला वेगळं ठेवा. खच्ची न केलेला नर घरगुती तबेल्यात आणू नये.

कागदपत्रं

थरोब्रेडची नोंद पुण्यात कार्यालय असलेल्या स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते. पासपोर्टात घोड्याचं रेखाचित्र, रंग, खुणा आणि केसांचे भोवरे दाखवलेले असतात, मायक्रोचिपचा पंधरा अंकी क्रमांक असतो. मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीजवळ स्कॅनर धरून तो क्रमांक जुळवा. सारंगखेड्याच्या बाजारात भोवऱ्यांवर घोड्याची किंमत चढते-उतरते. पासपोर्टात त्यांचं काम फक्त ओळख पटवण्याचं आहे, आणि ते ते चोख करतात. रेखाचित्रातला एकही भोवरा जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

ग्लँडर्सची तपासणी टाळू नये. हा रोग घोड्यांतून माणसांत येतो, त्याला लस नाही, आणि तो आढळलेल्या घोड्याला कायद्याप्रमाणे शांतपणे मरण द्यावं लागतं. २००६ साली महाराष्ट्रात या रोगाची साथ आली होती. रक्ताचे नमुने अधिकृतपणे हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात. अहवाल ताजा हवा आणि त्यावर चिपचा क्रमांक हवा. नुसतं ‘तांबडा घोडा’ असं लिहिलेला अहवाल कुठल्याही तांबड्या घोड्याचा असू शकतो. त्याच रक्तातून संसर्गजन्य रक्तक्षयाची तपासणीही करून घ्या.

लसींत धनुर्वात, इन्फ्लुएन्झा आणि रेबीज. धनुर्वाताची लस तर चुकवू नयेच, घोड्यांइतका या रोगाला हळवा प्राणी क्वचितच.

करारनामा मुद्रांकावर, दोन साक्षीदारांसह करा. त्यात घोड्याची मालकी संस्थेकडे राहते की तुमच्याकडे येते हे स्पष्ट असावं. सांभाळायला दिल्याचा करार, म्हणजे मालकी संस्थेकडे आणि ताबा तुमच्याकडे, हा आमच्या मते घोड्यासाठी सुरक्षित. पुढच्या अटी असल्याच पाहिजेत:

- घोडा पुन्हा शर्यतीत, पैजेत, टांग्यात, वरातीत किंवा भाड्याच्या सवारीत जाणार नाही.
- त्याची विक्री, भेट किंवा अदलाबदल होणार नाही. घोडी असेल तर तिच्यापासून पैदास होणार नाही.
- संस्था पूर्वसूचना देऊन आणि न देताही पाहणी करू शकेल. जागा बदलल्यास सात दिवसांत कळवायचं.
- उपचारांचा खर्च कुणाचा, आणि असह्य वेदनेत मरण देण्याचा निर्णय कोण, कुणाच्या सल्ल्याने घेणार.
- घोडा परत द्यायचा असेल तर किती दिवस आधी कळवायचं, वाहतूक कोण करणार, आणि ठाण रिकामं नसेल तर तोवर काय.

शेवटची अट मोघम असेल तर सही करू नका. ‘परिस्थिती पाहून ठरवू’ असं वाक्य अडचणीच्या वेळी कुणाच्याच कामाला येत नाही. दुखण्यांची यादी करारनाम्याला जोडून त्यावरही दोघांच्या सह्या असाव्यात.

प्रवास

डॉक्टरचं प्रवासयोग्यतेचं प्रमाणपत्र १९७८च्या प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे लागतं. मोटार वाहन नियमांत घोड्यासाठी किमान सव्वादोन चौरस मीटर जागा सांगितली आहे. उघडा टेम्पो आणि वर बांधलेली ताडपत्री नको. तळाला रबरी चटई, बाजूंना छातीच्या उंचीवर गादी लावलेले दांडे हवेत. दर चार तासांनी थांबून मोरखी सैल करा आणि त्याला मान खाली घालून पाणी पिऊ द्या. मान तासन्तास वर बांधून ठेवली की श्वासनलिकेतला चिकटा बाहेर पडत नाही आणि दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया दिसतो. उन्हाळ्यात प्रवास रात्री. शक्य असेल तर घोडा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आणा. जूनमध्ये आणलेल्या घोड्याला नवी जागा आणि पावसाळा दोन्ही एकदम सोसावे लागतात.

पहिले पंधरा दिवस

आधीचे प्राणी असतील तर नवा घोडा दोन ते तीन आठवडे वेगळ्या ठाणात ठेवा. बादली, खरारा, मोरखी सगळं वेगळं. रोज सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून ताप मोजून वहीत लिहा. ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस ठीक. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. ही आकडेवारी घोडा बरा असतानाच लिहून ठेवा, म्हणजे बिघडल्यावर फरक लगेच कळतो.

वजनही आत्ताच काढा. काटा नसेल तर छातीचा घेर, कोपरामागून, सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १८३ आणि लांबी १६२ असेल तर वजन ४५७ किलो. दर पंधरा दिवसांनी मोजत राहा.

पाणी रोज ३० ते ५० लिटर पिईल, उन्हात जास्त. कमी प्यायला तर सावध व्हा, नव्या जागेच्या पाण्याची चव बदलल्याने काही घोडे पाणी सोडतात आणि तिथूनच पोटशूळ सुरू होतो.

पोटशूळाची लक्षणं: पायाने जमीन उकरणं, कुशीकडे वळून पाहणं, लोळणं, लीद बंद होणं. चारा काढून घ्या, डॉक्टरला फोन करा, घोडा शांत असेल तर हळू चालवा. नाडी ६० च्या वर गेली तर मिनिटही वाया घालवू नका. बाटलीने तोंडातून तेल पाजायची आपल्याकडे रीत आहे. ती पाळू नका. ते तेल फुप्फुसात जाऊन घोडे मरतात. तेल द्यायचं तर डॉक्टर नाकातून नळी घालून देईल.

चंदी उतरवणं

निवृत्त घोड्यांचं सर्वांत जास्त इथे बिघडतं. रेसच्या तबेल्यात त्याला दिवसाला सहा-सात किलो ओट आणि दाणे मिळत असतात, काम त्या तोलाचं असतं. तुमच्याकडे काम नाही आणि चंदी तीच राहिली तर पोट, खूर आणि डोकं तिन्ही तापतात. उलट ती एका दिवसात बंद केली तर आतड्यातले जिवाणू बिघडून पोटशूळ होतो.

पहिले तीन दिवस तो जे खात होता तेच द्या. संस्थेकडून आठ दिवसांचं खाद्य बरोबर मागून घ्या. मग दर तिसऱ्या दिवशी अर्धा किलो दाणा कमी आणि तेवढाच चारा जास्त. साधारण तीन ते चार आठवड्यांत दोन-अडीच किलोवर या. एका वेळी दोन किलोंपेक्षा जास्त दाणा कधीच नको. मीठ रोज ३० ते ५० ग्रॅम. चाऱ्यात एक-दीड किलो सुकी लसूणघास असू द्या, तिच्यातल्या कॅल्शियममुळे जठरातलं आम्ल आवरतं. शर्यतीच्या तयारीतल्या बहुसंख्य घोड्यांच्या जठरात व्रण असतात. म्हणून पोट सहा तासांपेक्षा जास्त रिकामं ठेवू नका, स्वारीआधी मूठभर चारा द्या, आणि घोडा खाऊनही अंग धरत नसेल तर डॉक्टरकडून ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाचं विचारून घ्या.

सरकी पेंड आणि गाई-कोंबड्यांचं तयार खाद्य तबेल्यात येऊच देऊ नका. काही खाद्यांत मोनेन्सिन हे औषध असतं. कोंबड्यांना ते उपयोगी, घोड्याचं हृदय मात्र थोड्या मात्रेतही निकामी करतं. दसऱ्याला घोडा पुजायला गावची मंडळी येतात आणि प्रत्येकाला काहीतरी गोड भरवायचं असतं. हळदकुंकू, झेंडूची माळ आनंदाने होऊ दे. पुरणपोळ्यांचं ताट मात्र सईसाने बाजूला ठेवावं आणि घोड्याला भरवायला गाजराचे लांब काप आलेल्यांच्या हाती द्यावेत.

विश्रांती, मग नवी शिकवण

पहिले सहा ते आठ आठवडे पाठीवर कुणी बसू नये. तबेल्यात दिवसाचे बावीस-तेवीस तास बंद राहिलेल्या घोड्याला एकदम मोकळं सोडलं तर तो भिंतीवर किंवा कुंपणावर जाऊन पाय मोडून घेतो. आधी लहान रिंगणात पंधरा-वीस मिनिटं, पोटात चारा असताना, पायांना गुंडाळी लावून, शेजारी एखादा शांत घोडा दिसेल असं सोडा. दर दोन दिवसांनी वेळ वाढवा. इतर घोड्यांत सोडण्याआधी मागचे नाल काढा. शर्यतीचे पातळ ॲल्युमिनियमचे नाल लवकरात लवकर बदला. थरोब्रेडचा तळवा पातळ आणि टाच बहुधा बसकी असते, त्यामुळे नालबंदाला नखाचं टोक आखूड ठेवायला सांगा.

स्वारी शिकवताना लक्षात ठेवायचं ते हे की घोड्याला येतं बरंच, फक्त ते तुमच्या उपयोगाचं नाही. त्याच्या पाठीवर जॉकी चालता चालता, कुणीतरी पाय धरून उचलून बसवलेला असतो. म्हणून बसायच्या वेळी स्थिर उभं राहणं त्याला ठाऊक नसतं. जॉकीचे गुडघे वर असतात, त्यामुळे पोटाला लागलेला तुमचा पाय त्याला दचकवतो. आणि लगाम ताणला की तो त्यावर टेकून आणखी वेग घेतो, कारण तेच त्याला शिकवलेलं असतं. नवा स्वार घाबरून दोन्ही लगाम खेचतो, घोडा पळतो, स्वार आणखी खेचतो. अपघात असे होतात. थांबवायचं तर वर्तुळात वळवा, आवाज द्या, हात सैल-घट्ट, सैल-घट्ट करा.

क्रम असा धरा. दोन आठवडे फक्त मोरखीवर: चाल, थांब, मागे सर, दोन मिनिटं उभा राहा. मग दोरीवर गोलात दहा-पंधरा मिनिटं, दोन्ही दिशांना सारखं. शर्यती ठरावीक दिशेने धावल्यामुळे एक बाजू आखडलेली असते. मग चौथऱ्याशेजारी उभं करून पाठीवर थोपटणं, आडवं पडून वजन देणं, आणि शेवटी बसणं. पहिली स्वारी वीस मिनिटं, फक्त चाल. दुडकी स्वारी सुरू झाल्यापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. कँटर, म्हणजे दुडकीहून वेगाची चाल, सहाव्या आठवड्याआधी नको, आणि उघड्या माळावर इतर घोड्यांबरोबर तर कितीतरी उशिरा, कारण शेजारी टापा वाजल्या की त्याच्यासाठी शर्यत सुरू झालेली असते.

खोगीर पहिल्या वर्षात तीन-चारदा तरी तपासून घ्या. पाठीचे स्नायू भरतात, आकार बदलतो, आणि डिसेंबरात नीट बसलेलं खोगीर एप्रिलमध्ये पाठ चिमटतं.

पावसाळा

खूर रोज दोनदा साफ करा. बाहुलीच्या, म्हणजे तळव्यावरच्या त्रिकोणी मऊ भागाच्या, खाचेतून काळा, दुर्गंधी येणारा चिकटा निघत असेल तर खूर कुजतोय. कोरडं ठाण हाच खरा उपाय, औषध त्यानंतर. पाठीवर केसांसकट खपल्या निघत असतील तर घोडा ओला राहतोय.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गोमाश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या जंतूंचा रोग होतो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. खाऊनही घोडा रोडावतो, पाय आणि पोटाखाली सूज येते. ताप चढलेला असताना रक्त काढून तपासायला द्या, उतरल्यावर जंतू बऱ्याचदा सापडत नाहीत. लघवी तांबूस-तपकिरी दिसली तर गोचिडांतून येणाऱ्या बॅबेसिया या जंतूचा संशय घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

जमत नसेल तेव्हा

बदली होते, तब्येत साथ देत नाही, सईस सोडून जातो, किंवा सहा महिन्यांनंतरही घोड्याशी जुळत नाही. संस्थेला लवकर कळवा. घोडा अंगाने भरलेला आणि नीट चालणारा असेल तोवर त्याला दुसरं घर मिळणं सोपं. हाडं दिसायला लागल्यावर कळवलंत तर संस्थेला त्याच्यावर आधी महिनोन्‌महिने घालवावे लागतात. ओळखीतल्या कुणाला तरी परस्पर देऊ नका, तो माणूस कितीही चांगला असला तरी. परत पाठवताना पासपोर्ट, ताप-वजनाची वही, लसींच्या नोंदी, शेवटचं नाल कधी लावलं ती तारीख आणि आठ दिवसांची चंदी बरोबर द्या. एका कागदावर तो कशाला घाबरतो, कोणत्या बाजूने मोरखी घालू देतो आणि कोणत्या घोड्याशेजारी शांत उभा राहतो, तेही लिहून द्या.